तहसील, महसूल आणि काय हाशील

मागच्या आठवड्यात हिंगोलीच्या तहसील कार्यालयाबाहेर एका झाडाखाली बसलो होतो. शेजारी एक म्हातारे बाबा. सकाळपासून तिसऱ्यांदा परत पाठवलेले. ते स्वतःशीच म्हणाले, "इथं येऊन काय हाशील?"

समोर पाटी, "महसूल विभाग, तहसील कार्यालय". आणि मला एकदम हसू आलं. बाबांना वाईट वाटू नये म्हणून मान फिरवली. हसू यायचं कारण असं की तहसील, महसूल आणि बाबांचं "हाशील" हे तीनही शब्द एकाच मुळाचे आहेत. सख्खी भावंडं. मला हे चार दिवसांआधीच कळलं होतं, तेही एका कागदाच्या भानगडीत. तो कागद काय होता ते शेवटी सांगतो, आधी शब्दांचं सांगू द्या. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन वाचा.

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत एक उर्दू कागद निघाला. साल 1351 फसली. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हा 1941-42 चा. सध्या मराठवाड्यात घरोघरी ट्रंका उघडल्या जाताहेत हे तुम्हाला माहीतच आहे. सप्टेंबर 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, निजामकालीन नोंदी धुंडाळायला सुरुवात झाली. मग 2 सप्टेंबर 2025 चा हैदराबाद गॅझेटचा जीआर आला. तेव्हापासून मोडी वाचणारा आणि उर्दू वाचणारा माणूस म्हणजे गावात डॉक्टरपेक्षा जास्त मानाचा. त्या वादात मी आज शिरत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला फक्त कागद वाचून पाहिजे होता. चुलतभावानं आधी एकाला पैसे देऊन वाचून घेतला होता. त्यानं एक शब्द असा वाचला की आमच्या घरात दोन तट पडले. म्हणून मी एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं गेलो. त्यांना सगळे मास्टरसाबच म्हणतात.

मास्टरसाबनी कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "बेटा, आधी शब्द कसा बनतो ते समजून घे. नाहीतर मी वाचलेलं तुला खरं वाटणार नाही."

त्यांनी पाटीवर तीन अक्षरं लिहिली. ह, स, ल. म्हणाले, हे मूळ. याला एकट्याला उच्चार नाही, हा नुसता हाडांचा सापळा. अर्थ एवढाच की मिळणं, हाती येणं. आता या हाडांवर स्वरांचं मांस चढवायचं. 'हासिल' म्हणजे मिळालेलं. 'तहसील' म्हणजे गोळा करण्याची क्रिया. 'महसूल' म्हणजे गोळा झालेली गोष्ट. हाडं तीच, साचा बदलला की शब्द बदलतो. मराठीनं हासिलचं हाशील केलं आणि त्याला प्रश्नचिन्ह लावून दिलं.

मला हे जरा अजब वाटलं, पण घरी येताना लक्षात आलं की आपल्याही भाषेत याची झलक आहे. मरणे, मारणे. पडणे, पाडणे. तरणे, तारणे. गळणे, गाळणे. सुटणे आणि सोडणे. व्यंजनं जवळपास जागच्या जागी राहतात, आतला स्वर बदलतो आणि स्वतः पडणारा माणूस दुसऱ्याला पाडणारा होतो. संस्कृतात 'कृ' पासून करण, कार, कृत. पाणिनीनं धातू आणि प्रत्ययाची जी व्यवस्था लावली, तिचंच हे दूरचं गणगोत. फरक एवढा की आपण शब्दाच्या पुढं-मागं डबे जोडतो. अरबीत मात्र जवळजवळ सगळी भाषाच सापळा आणि साचा अशी चालते. आठव्या शतकात बसऱ्याला खलील इब्न अहमद आणि त्याचा शिष्य सीबवैह यांनी हे शास्त्र मांडलं. सीबवैह मूळचा इराणी, म्हणजे अरबीचा सगळ्यात मोठा व्याकरणकार घरी दुसरी भाषा असलेल्यांतला. परक्या माणसाला भाषेचे सांधे जास्त दिसतात, असं माझं आपलं मत.

या व्याकरणकारांनी साचे दाखवायला एक नमुन्याचं मूळ घेतलं. फ-अ-ल, म्हणजे 'करणं'. मग करणारा तो 'फाइल', केलेलं ते 'मफऊल', करवण्याची क्रिया 'तफईल'. (ही फाइल ऑफिसातली नव्हे. ती हलत नाही, ही सगळीकडं हलते.)

आता हे तीन साचे घेऊन आपल्या रोजच्या बोलण्यातून फिरा. मी चार दिवस हेच करतोय, बायको वैतागली आहे.

पहिला, करणाऱ्याचा साचा. पहिल्या अक्षराला आ, दुसऱ्याला इ. हाकिम, मालिक, वारिस, दाखिल, हाजिर, नाजिर, जामिन. मराठीनं यातली इ बऱ्याच ठिकाणी झिजवली. मालिकचा मालक, वारिसचा वारस, दाखिलचं दाखल, हाजिरचं हजर. कोर्टातला नाझर त्यातलाच. नाझर कोण? न-ज-र, पाहणं. पाहणारा तो नाझर, पाहणं ती नजर. आणि साहेबांनी पाहिलेलं, म्हणजे दुसऱ्या साच्यातलं रूप, ते 'मंजूर'. मंजूर म्हणजे मुळात नुसतं 'बघितलेलं'. साहेबांनी बघितलं की काम झालं, असा त्यात भाव. आजकाल साहेब बघतात आणि मंजूर होत नाही, तो भाग वेगळा.

दुसरा, 'मफऊल'चा साचा. म पुढं, शेवटाकडं ऊ. महसूल, मंजूर, मजकूर, मशहूर, मजबूर, मरहूम, मजबूत. मजकूर म्हणजे 'जिक्र केलेलं', उल्लेखलेलं. जुन्या कागदात 'कसबे मजकूर' असं येतं, म्हणजे वर सांगितलेलं गाव. आपण त्याचा सरसकट 'लिहिलेलं' असा अर्थ करून टाकला. मजबूतची गंमत मात्र ऐकाच. त्याचं मूळ अरबीत ज-ब-त, घट्ट धरणं. घट्ट धरलेलं ते मजबूत. आणि सरकारनं घट्ट धरलं की ती जप्ती! निजामाच्या राज्यात फौजदारी कामाच्या नियमांना 'जाब्ता फौजदारी' म्हणायचे, तो जाब्ताही तोच. आपल्या बैलजोडीचं मजबूतपण आणि बैल ओढून नेणारी जप्ती ही एकाच घरची निघावी, हे कुणब्याच्या पोराला जरा लागतंच.

तिसरा साचा 'तफईल'. त पुढं, शेवटाकडं ई. तहसील, तालीम, तामील, तपशील. तालीम म्हणजे शिकवणं, मूळ अ-ल-म, जाणणं. त्याच मुळाचे उलेमा आणि आपला 'इलम'. उर्दूवाल्यांची तालीम शाळेत गेली, आपली लाल मातीत गेली. तपशीलचं मूळ फ-स-ल, वेगळं करणं. तुकडे करून सांगितलं तो तपशील. दोघांचं भांडण वेगळं करून दिलं तो फैसला. वर्षाचा वेगळा काढलेला हंगाम ती फसल, आणि हंगामावर बेतलेलं सरकारी वर्ष ते फसली. आमच्या कागदावरचं 1351 फसली ते हेच. शेतकऱ्याचं पीक, कोर्टाचा निकाल आणि पंचनाम्यातला तपशील एकाच सापळ्यावर उभे आहेत. मास्टरसाब हे सांगताना स्वतःच इतके रंगले की चहा गार झाला.

आणि अ-म-ल. काम करणं. अंमल, अंमलदार, अंमलबजावणी. नेहमीचं झालेलं ते मामूल, त्यावरून मामुली. देवाणघेवाण तो मामला, त्यावरून मामलेदार. समन्स बजावला की तामील. पश्चिम महाराष्ट्रात इंग्रजांनी मामलेदार ठेवला, आपल्याकडं निजामानं तहसीलदार. एकाचं नाव कामावरून, दुसऱ्याचं वसुलीवरून. आपल्या वाट्याला वसुलीचं नाव आलं, यात आश्चर्य वाटणाऱ्यानं निजामशाहीतला सारा कसा वसूल व्हायचा ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारावं.

तहसीलदाराच्या हाताखाली नायब. नायब म्हणजे प्रतिनिधी, मूळ न-व-ब. त्याच शब्दाचं अनेकवचन 'नुव्वाब', आदरार्थी एकाच माणसाला लावलं आणि झाला नवाब. म्हणजे नायब तहसीलदार आणि नवाब ही एकाच शब्दाची एकवचन-अनेकवचनं आहेत. ओळखीचे नायब तहसीलदार असतील तर त्यांना हे सांगू नका.

अजून एक सांगतो, मग इतिहासाकडं वळू. जिल्हा. अरबीत 'जिलअ' म्हणजे बरगडी, बाजू. 1 मे 1999 ला परभणीच्या अंगातून एक बरगडी काढली आणि हिंगोली झाली. तालुका म्हणजे जोडलेला, लटकलेला. इलाखाही त्याच मुळाचा. सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा, हिंगोली, असे पाच लटकलेले.

आता हे सगळं आपल्याकडं आलं कसं? अरब काही औंढ्याला आले नाहीत. हे शब्द फारसीच्या गाडीत बसून आले. 1347 ला बहमनी राज्य झालं, दफ्तराची भाषा फारसी, आणि फारसीनं आधीच अरबीतून हजारो शब्द उचललेले. त्याच्या जेमतेम अर्धशतक आधी, 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी झाली होती. नामदेव आपल्या नर्सीचे, त्यांचं आयुष्य 1270 ते 1350. म्हणजे नामदेवांच्या हयातीतच या मुलखाचं दफ्तर बदलू लागलं. तिथून अडीचशे वर्षांत पैठणचे एकनाथ महाराज 'अर्जदस्त', 'ताकीद', 'कौलनामा', 'जाबचिठ्ठी' अशा सरकारी कागदांच्या रूपात भारुडं लिहितात, आणि बाजारातली माणसं ती ऐकून डोलतात. लोकांना शब्द कळल्याशिवाय भारूड जमत नाही. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, हिशोबाची दफ्तरं नाथांनी जवळून पाहिलेली. म्हणजे हे शब्द निजामानं आणले ही आपली समजूत चुकीची. निजामाची सत्ता 1724 ची. त्याच्या कितीतरी आधी हे शब्द आपल्या ओसरीवर बसलेले होते.

त्याला विरोधही झाला, आणि तो समजून घ्यायला पाहिजे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय. पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. यातला मुजुमदार बघा. 'मजमू' म्हणजे एकत्र केलेलं, मूळ ज-म-अ. जमा, जमाबंदी, जमात, शुक्रवारचा जुमा, सगळे त्याचेच. राज्याची जमा बघणारा तो मुजुमदार. पद अमात्याचं झालं, पण मुजुमदार आडनाव होऊन राहिलंच, आणि जमाखर्चही कुणी सोडला नाही. पुढं सावरकरांनी तारखेला दिनांक दिला, शहीदला हुतात्मा दिला. आज आपण दोन्ही वापरतो. मला यात कुणाचा पराभव दिसत नाही. राज्य आपलं आहे हे भाषेतून दाखवावंसं वाटणं साहजिक आहे, आणि लोकांनी सोयीचा शब्द धरून ठेवणंही.

निजामानं मात्र उलट दिशेनं तेच केलं. 1880 च्या दशकात कारभार फारसीतून उर्दूत आला. 1918 ला उस्मानिया विद्यापीठ निघालं, सगळं शिक्षण उर्दूतून. त्याच्या आदल्या वर्षी भाषांतराचं खातं काढलं, दारुल तर्जुमा, आणि तिथं पंडित मंडळी अरबी मुळं साच्यात घालून विज्ञानाचे शब्द पाडू लागली. कारखानाच म्हणा. भारतीय भाषेतून विद्यापीठ चालवायचं हे धाडस मोठं होतं, ते मान्य करायला आपली जीभ अडखळू नये. पण राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी. आमच्या आजोबांच्या पिढीनं बेरीज 'जमा' आणि भागाकार 'तकसीम' म्हणून शिकला. 1938 ला वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, त्यातल्या अनेकांनी नागपूर गाठलं. एक भाषा शिकणं वेगळं आणि ती डोक्यावर बसवणं वेगळं. 17 सप्टेंबर 1948 नंतर ती उतरली, आणि पुढच्या दोन पिढ्यांत वाचणारेही संपले. आपलीच दफ्तरं आपल्याला मुकी झाली.

सावधगिरीच्या दोन गोष्टी, कारण हा खेळ कळला की माणूस सुटतो. मी पण सुटलो होतो. मास्टरसाबना म्हणालो, मजदूरही मफऊल ना? ते म्हणाले, नाही. मजदूर फारसी, 'मुज्द' म्हणजे मजुरी, त्यावरून. जमीन, बाजार, शहर, दरबार हेही फारसी, त्यांना असली तीन अक्षरी हाडं नाहीत. दुसरं, आपल्या एका 'ज'च्या पोटात अरबीची पाच वेगळी अक्षरं बसली आहेत. म्हणून नजर आणि नजराणा आपल्याला नात्यातले वाटतात, पण निजामाला द्यायचा तो नजराणा वेगळ्या 'ज'चा. पाहण्याशी त्याचा संबंध नाही. (घेणाऱ्याची नजर त्यावर असायची, हे खरं.) आणि कधी मराठीनं हाडंच उलटीपालटी केली. 'अमानत'ची आपण 'अनामत' केली. इमान, अमीन, अमानत एका ओळीत उभे, आणि आपली अनामत रक्कम ओळ सोडून.

आता कागद.

उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. म-ल-क एवढंच लिहिलं, तर ते मुल्क असेल, मिल्क म्हणजे मालमत्ता असेल, किंवा मलिक अंबरातलं मलिक. वाचणाऱ्यानं संदर्भावरून साचा ओळखायचा. त्यात कारकुनी शिकस्ता लिपी, घाईची, नुक्ते गाळलेली. आमच्या कागदात जमिनीच्या वर्णनापुढं एक शब्द होता. पहिल्या वाचणाऱ्यानं तो 'मौरूसा' वाचला. व-र-स, वारशानं आलेली. वारस, वारसा, मिरास, आपला मिरासदार, सगळे याच मुळाचे. म्हणजे जमीन वाडवडिलांची, आमची. चुलतभाऊ खूश. पण आमच्या थोरल्या आत्या लहानपणापासून सांगायच्या की ते शेत 'त्यांचं' आहे. त्यांचं म्हणजे शेजारच्या एका घराचं. आत्याचं कुणी ऐकायचं नाही. आता कागदच आला म्हटल्यावर तर त्यांना गप्पच केलं.

मास्टरसाबनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग मला जवळ बोलावून बोट ठेवलं. साचा दोन्हीकडं मफऊलचाच. शेवटचा तुकडा, नुक्ते नसले की, दोन्हीकडं हुबेहूब. पण सुरुवातीला म नंतर लगेच र आहे, आणि त्याच्यानंतर एक ह, दबलेला. र-ह-न. शब्द 'मरहूना'. गहाण ठेवलेली. पुढं 'कब्जा'चा उल्लेखही आहे, म्हणजे ताब्यासकट गहाण. रक्कम दिली की परत करायची, असं खाली लिहिलंय. (कब्जा आणि पोटाची कब्ज एकाच मुळाची, हेही त्यांनी तेवढ्यात सांगितलं. धरून ठेवणं. हसायची वेळ नव्हती, तरी हसलो.)

मी विचारलं, "मास्टरसाब, नक्की ना?"

ते म्हणाले, "हाडं बघ बेटा. मांस कुणी कसंही चढवतं."

ऐंशी वर्षं झाली. कायद्यात आता त्याचं काय होतं ते वकील सांगतील. त्या घरचा नातू हिंगोलीत रिक्षा चालवतो. माझ्या ओळखीचा आहे, कितीदा त्याच्या रिक्षात बसलोय. चुलतभाऊ म्हणतो, दुसऱ्याकडून अजून एकदा वाचून घेऊ. कागद त्यानं परत ट्रंकेत ठेवलाय, किल्ली त्याच्याकडं. मी घेतलेला फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. काल संध्याकाळी आत्याकडं गेलो आणि मरहूना शब्द त्यांना सांगितला. त्यांना उर्दू येत नाही. त्या म्हणाल्या, "मंग? मी काय सांगू राहिले होते?"

उद्या रविवार आहे. रिक्षा स्टँडवर तो सकाळी आठला असतो.